दुखत नाही ना?

मे महिन्यात महाडच्या पलीकडे, मामाच्या वाडीत, लग्नघर होतं. हळदीच्या आदल्या संध्याकाळी मागच्या पडवीतून चुलाणासाठी लाकूडफाटा काढायला पोरं धावली आणि त्यातल्या सोन्याच्या, माझ्या मामेभावाच्या धाकट्याच्या, बोटाला विंचू चावला. पोर किंचाळतच ओटीवर आलं. कुणीतरी बॅटरी घेऊन पडवीत गेलं, विंचू लाकडांखालीच होता, तो चपलेने ठेचून वर्तमानपत्राच्या कागदावर आणला. बोटाच्या दोन पेरांएवढा, तांबूस, बारीक आकड्यांचा. सगळ्यांनी वाकून वाकून बघितला. साप नव्हता, आणि विंचूही एवढासाच, म्हणून घर जरा निवलं. कांदा चोळून झाला, चुना लावून झाला. सोन्याला दोनदा उलटी झाली, ती दुपारी खाल्लेल्या लाडवांवर गेली. पाऊण तासाने त्याचं रडणं थांबलं. मामीने केसांवरून हात फिरवत विचारलं, "आता दुखत नाही ना रे?" त्याने मानेनेच नाही म्हटलं. "मग पड जरा," असं म्हणून तिने त्याला माजघरात नेऊन निजवलं आणि बायका पुन्हा पापडांच्या डब्यांकडे वळल्या.

वाडीतल्या आशाताई त्या वेळी हळदीच्या तयारीला आल्या होत्या. विंचवाची गोष्ट कानावर पडली तशी त्या हातातलं सूप खाली ठेवून माजघरात गेल्या. वीज गेलेली होती, आम्ही सगळेच घामाने निथळत होतो, त्यामुळे सोन्याचा सदरा भिजलाय याचं कुणालाच काही वाटलं नव्हतं. आशाताईंनी त्याच्या कपाळाला हात लावला, मग सरळ पावलांना लावला आणि मामीचा हात धरून त्याच पावलांवर ठेवला. मेच्या त्या उकाड्यात पोराचे पाय विहिरीतून काढल्यासारखे गार होते. "वहिनी, रडायचा थांबला म्हणजे बरा झाला असं नाही. गाडी काढायला सांगा, आत्ता," एवढं बोलून त्यांनी त्याला उचललंसुद्धा.

सोन्या वाचला, वरातीत मांडीवर बसून का होईना पण होता. माझ्या डोक्यातून मात्र मामीचा तो प्रश्न जात नाही. तिचं काही चुकलं असं मला म्हणायचं नाही. आपण सगळे तेच विचारतो. मूल पडलं, भाजलं, कापलं, काही चावलं की पहिला प्रश्न तोच, आणि उत्तर नाही आलं की जीव भांड्यात पडतो. दुखणं हा धोक्याचा निरोप आहे आणि निरोप थांबला म्हणजे धोका टळला, हे आपल्या अंगात इतकं मुरलंय की त्यावर वेगळा विचार करायची वेळ येत नाही. विषाच्या बाबतीत मात्र हा हिशेब लागू पडत नाही, आणि तो लागू पडत नाही हे न कळल्यामुळे आपल्याकडे माणसं जातात.

ग्रामीण रुग्णालयात रात्री ड्युटीवर तिशीतले एक डॉक्टर होते. मामेभाऊ विंचवाची पुडी पुन्हा पुन्हा पुढे करत होता, पण त्यांनी तिच्याकडे एकदा ओझरतं बघितलं आणि मग बघितलंच नाही. ते सोन्याला बघत होते. पावलं, तळवे, ओठांचा रंग, मनगटाची नाडी, रक्तदाब. मग त्याला कुशीवर वळवून पाठीला स्टेथो लावला आणि खालपासून वर, दोन्ही बाजूंनी, डोळे मिटून ऐकत राहिले. फुप्फुसात पाणी भरायला लागलं की श्वासाबरोबर चुरचुर ऐकू येते, ती ते शोधत होते. ती अजून नव्हती. वजन करून त्यांनी एका पांढऱ्या गोळीचा तुकडा पाण्यातून दिला आणि वहिनीला, म्हणजे सोन्याच्या आईला, बजावलं, "याला उभं करायचं नाही. लघवीलासुद्धा नाही. आडवाच ठेवा आणि घोट घोट पाणी पाजत राहा." तीन तासांनी पुन्हा तुकडा. किती वेळा द्यायचा असं विचारल्यावर ते म्हणाले, पाय गरम होईपर्यंत.

हे उत्तर मला फार आवडलं. मॉनिटर त्या वॉर्डात एकच होता आणि तो दुसऱ्या खाटेला लावलेला होता. वहिनी रात्रभर सोन्याच्या पायाशी बसून होती, दर थोड्या वेळाने पावलांना हात लावायची आणि माझ्याकडे बघून मान हलवायची. मध्येच सिस्टर येऊन रक्तदाबाचा पट्टा गुंडाळायच्या, आकडा कागदावर लिहायच्या आणि त्याही जाताना पावलांना हात लावून जायच्या. पहाटे कधीतरी तळवे कोमट लागायला लागले, आधी उजवा, मग डावा. वहिनी तेव्हा रडली.

ती गोळी प्राझोसिनची. मुळात रक्तदाबाची. लाल विंचवाच्या दंशावर ती चालते हे जगाला याच तालुक्यातून कळलं. १९७६ साली डॉ. हिम्मतराव बावस्कर नावाचा जालना जिल्ह्यातला एक तरुण डॉक्टर बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाला, आणि विंचू चावलेली धडधाकट माणसं, विशेषतः लहान मुलं, तोंडाला गुलाबी फेस येऊन डोळ्यांदेखत जाताना त्याने बघितली. तेव्हाच्या पुस्तकांत यावर धड काही नव्हतं. मग ते रुग्णांच्या खाटेशी बसून राहिले. कधी घाम फुटतो, कधी हातपाय गार पडतात, रक्तदाब आधी चढतो की उतरतो, हे तासातासाला लिहीत राहिले. विंचवाचं विष स्वतः फारसं काही जाळत नाही. ते शरीराच्या मज्जातंतूंना असं पेटवतं की आपलंच अॅड्रेनालिन धरण फुटावं तसं रक्तात उतरतं. रक्तवाहिन्या आवळतात, म्हणून हातपाय गार. त्या आवळलेल्या वाहिन्यांमध्ये रक्त ढकलता ढकलता हृदय थकतं आणि पाणी फुप्फुसात चढतं. प्राझोसिन त्या वाहिन्या सैल करतं, इतकंच. त्यांची निरीक्षणं १९८२ मध्ये आणि प्राझोसिनचा अनुभव १९८६ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. डॉ. प्रमोदिनी बावस्कर या सगळ्या कामात बरोबरीने होत्या. लाल विंचवाच्या गंभीर दंशात पूर्वी चाळीस टक्क्यांच्या घरात असलेलं मृत्यूचं प्रमाण एक टक्क्याच्या आसपास आलं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली तेव्हा महाडात पेढे वाटले गेले असतील. पण ज्या वर्षांत ते एकेका खाटेशी बसून नोंदी करत होते, त्या वर्षांबद्दल मला जास्त वाटतं. सोन्याच्या पावलांना लागलेला प्रत्येक हात त्या नोंदींतून आलेला होता.

त्यांच्याच निरीक्षणांतली एक गोष्ट अशी, की लाल विंचू चावल्यावर जो ठणक्याने लोळत असतो, गुरासारखा ओरडत असतो, तो बहुधा वाचणार असतो. ज्याला वेदना बेताची आहे पण घाम सुटलाय, उलट्या होताहेत, तोंडात लाळ सुटतेय आणि हातपाय गार पडताहेत, त्याची काळजी करायची. दिसायला भीतीदायक असा मोठा काळा विंचू, पावसात घराच्या जोत्यात निघतो तो, त्याचा दंश आग आग करतो पण सहसा जिवावर येत नाही. जीव घेतो तो हा छोटा तांबूस, जांभ्याच्या फटीत, पेंढ्यात, लाकडांच्या राशीत राहणारा.

दुखण्याला काहीच किंमत नाही असं अर्थात नाही. गिरगाव चौपाटीवर २०१३ च्या गणेशोत्सवात विसर्जनाला पाण्यात उतरलेल्या कितीतरी लोकांना पाकटांनी काटे मारले होते. पाकटाच्या काट्याची कळ माणसाला उभं राहू देत नाही, आणि तिथे उपायही त्या कळेवरच आहे. पाय सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवून ठेवायचा, उष्णतेने ते विष निकामी होत जातं, मग काट्याचा तुकडा आत राहिलाय का ते डॉक्टरांकडून बघून घ्यायचं. गडावर आग्या मोहोळ उठलं तर ते बघायला कुणी थांबत नाही, सगळे पळतात, आणि पळावंच. तिथे लक्ष ठेवायचं ते पळून आल्यावर. एखाद्याच्या अंगावर गांधी उठल्या, ओठ-जीभ सुजली, आवाज घोगरा झाला, श्वासाला शिट्टी येऊ लागली, तर ती अॅलर्जी आहे आणि तिला मांडीत दिलेलं अॅड्रेनालिनचं इंजेक्शन लागतं, तेही मिनिटांत. अशा माणसाला एकच माशी चावलेली असू शकते.

पण सगळ्यात शांत विष मण्यारचं.

मण्यार रात्री फिरते. काळी, तुकतुकीत, अंगावर पांढरे बारीक पट्टे. दिवसा डिवचली तरी अंगावर येत नाही, वेटोळ्यात तोंड खुपसून बसते. रात्री उंदरांच्या, पालींच्या मागे घरात येते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाचा हात तिच्यावर पडला की चावते. दात इतके बारीक की खूण दिसत नाही. सूज नाही, रक्त नाही, ठणका नाही. पुष्कळदा माणूस कूस बदलून पुन्हा झोपतो. मग पहाटे पोटात कळ येते. उलटी होते. घसा आवळल्यासारखा वाटतो. घरचे ओवा देतात, हिंग लावतात. पापण्या जड होऊ लागतात. समोरच्याकडे बघायला माणूस भुवया वर ओढतो, कपाळाला आठ्या घालतो, हनुवटी उचलून अर्ध्या डोळ्यांनी बघतो. डॉक्टर त्याला मान उशीवरून उचलायला सांगतात, एका श्वासात आकडे म्हणायला लावतात, आणि तो कितीपर्यंत पोचतो त्यावरून छातीचे स्नायू किती थकलेत ते ताडतात. जेवण बाधलं म्हणून सलाइन लावून घरी पाठवलेले, अंगात आलंय म्हणून देवळात बसवलेले असे रुग्ण याच पापण्यांमुळे ओळखले जातात, ओळखणारा कुणी असेल तर.

आमच्या घरात एक गोष्ट सांगितली जाते. आजीचे धाकटे दीर, विशीतले, भातकापणीच्या दिवसांत रात्री खळ्यात राखणीला झोपले होते. पहाटे पोट धरून घरी आले. ओवा-मीठ झालं, दृष्ट काढून झाली. उन्हं वर आल्यावर ते म्हणाले, डोळे मिटताहेत, झोप येतेय. सगळ्यांना बरं वाटलं, झोप लागतेय म्हणजे कळ गेली. दुपारपर्यंत ते गेले. पोटशुळाने गेले असं आजी सांगायची आणि आवाज खाली करून पुढचंही सांगायची, की शेजारच्या घरातून करणी झाली. त्या संशयापायी दोन घरांत दोन पिढ्या पाणी चाललं नाही. मी लहानपणी त्या शेजारच्या अंगणातले आवळे चोरून खाताना सुद्धा घाबरायचे. मण्यारच्या दंशाची लक्षणं मी पहिल्यांदा सविस्तर वाचली तेव्हा खळ्यापासून त्या मिटत जाणाऱ्या डोळ्यांपर्यंत सगळं जसंच्या तसं पुढे उभं राहिलं आणि मला हुंदका आवरेना. पुरावा काही नाही, आता मिळणारही नाही. पण त्या शेजारच्या घरातली म्हातारी करणीचा शिक्का घेऊनच गेली, आणि मला वाटतं त्या रात्रीच्या सापाने दोन माणसं मारली.

मण्यारच्या विषाची आणखी एक क्रूर बाजू आहे. ते मज्जातंतूंची टोकंच निकामी करतं. नागाच्या दंशात अॅट्रोपिनच्या जोडीने निओस्टिग्मिनचं इंजेक्शन दिलं की कधी कधी बघता बघता पापण्या उघडतात. मण्यारच्या बाबतीत तसा भरवसा नाही. सापाच्या विषावरची लस मोकळं फिरणारं विष बांधते, पण गेलेली टोकं शरीरालाच पुन्हा उगवावी लागतात. तोवर श्वास बाहेरून द्यायचा, व्हेंटिलेटरने, नाहीतर हाताने दाबायच्या फुग्याने. रुग्ण दिवसच्या दिवस निपचित असतो, बाहुल्या प्रकाशाला हलत नाहीत, मेंदू गेला असं वाटावं इतका. आणि आत तो जागा असू शकतो. अशा दंशातून उठलेल्या रत्नागिरीकडच्या एका बाईंशी मी बोलले आहे. त्या म्हणाल्या, "मला सगळं ऐकू येत होतं. नणंद म्हणत होती, आता नेऊया घरी. मला ओरडायचं होतं, नका नेऊ म्हणून. पापणी उचलत नव्हती." त्यांच्या भावाने आणि नवऱ्याने आळीपाळीने फुगा दाबत त्यांना मोठ्या रुग्णालयापर्यंत पोचवलं होतं. आता त्या खाटेवर झोपतात, मच्छरदाणीच्या कडा गादीखाली खोचून, आणि पोरांच्या मच्छरदाण्या रात्री उठून तपासतात. मण्यारपासून वाचायला याच्याइतका साधा उपाय दुसरा नाही.

घोणस आणि फुरसं यांचं विष वेगळं, ते रक्तात शिरून रक्ताचं गोठणं मोडतं. घोणशीच्या दंशाला सूज चढते, ठणका असतो, म्हणजे निदान माणूस घाबरून दवाखाना तरी गाठतो. फुरसं वीतभर, सड्यावरच्या दगडाखाली बसणारं. रत्नागिरीत ते इतकं होतं की इंग्रजांच्या काळात सरकारने ते मारण्यावर बक्षीस लावलं होतं. गवत काढताना, आंब्याच्या बागेत पाचोळा ओढताना बोटाला चावतं, थोडी सूज येते, आणि दुसऱ्या दिवशी दात घासताना हिरड्यांतून रक्त थांबत नाही. या दोन्हींसाठी जी तपासणी आहे ती मी त्याच रात्री, सोन्याच्या शेजारच्या खाटेवर, बघितली. एक गवंडीकाम करणारे काका होते, पायाला काहीतरी चावलं होतं, काय ते दिसलं नव्हतं. सिस्टरने कोऱ्या, कोरड्या काचेच्या नळीत त्यांचं थोडं रक्त घेतलं आणि नळी खिडकीच्या कट्ट्यावर उभी करून ठेवली. प्लास्टिकची नळी चालत नाही, साबणाने धुतलेलीही नाही. हलवायचं नाही, बघायला उचलायचं नाही. वीस मिनिटं. काकांचा मुलगा त्या नळीकडे एकटक बघत उभा होता. वेळ झाल्यावर सिस्टरने ती हळूच तिरकी केली आणि रक्त पाण्यासारखं काचेवरून घरंगळलं. काही न बोलता त्या डॉक्टरांना बोलवायला वळल्या. साप कुणी बघितला नव्हता, आणि आता बघायची गरजही उरली नव्हती.

मग कुप्या फुटल्या. सापाच्या लसीची भुकटी असते, ती पाण्यात विरघळायला वेळ घेते, जोरात हलवली तर फेस होतो, म्हणून सिस्टर एकेक कुपी दोन तळव्यांत फिरवत होत्या. सुरुवातीलाच दहा. लहान मुलालाही तितक्याच लागतात, कारण साप मूल बघून विष कमी सोडत नाही. अॅड्रेनालिन भरून शेजारी तयार ठेवलेलं होतं, कारण ही लस घोड्याच्या रक्तातून येते आणि कुणाकुणाला तिची उलट बाधा होते, अंग खाजतं, थंडी वाजते, रक्तदाब पडतो. घोड्यांना थोडं थोडं विष टोचत नेतात, त्यांचं रक्त त्याच्याशी लढायला शिकतं आणि ते शिकलेपण गाळून कुपीत भरतात. त्यासाठी लागणारं विष बहुतेक तमिळनाडूतून येतं, चेन्नईजवळच्या इरुळा आदिवासींच्या सहकारी संस्थेतून, जी १९७८ पासून साप पकडून, विष काढून, त्यांना पुन्हा रानात सोडते. म्हणजे तिकडच्या रानात एका इरुळ्याने धरलेल्या घोणशीचं देणं आमच्या महाडच्या गवंड्याच्या शिरेत उतरत होतं. यात एक खोच आहे. एकाच जातीच्या सापाचं विष प्रदेशागणिक बदलतं, त्यामुळे तिकडच्या विषावर केलेली लस इकडे कधी कधी जास्त लागते, कमी पडते. शिवाय ती चारच सापांवरची आहे, नाग, मण्यार, घोणस, फुरसं. बांबूच्या बनातला हिरवा चापडा त्यात नाही. प्रत्येक प्रदेशाची आपली लस हवी ही मागणी जुनी आहे आणि रास्त आहे.

मांत्रिकाबद्दल लिहिल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही, आणि त्याच्याबद्दल माझ्या मनात सरळ राग नाही. आमच्या वाडीत एक आबा होते. पान लागलेल्या, म्हणजे साप चावलेल्या, माणसाला त्यांच्याकडे नेत. ते कडुलिंबाचा डहाळा घेऊन उतरवायचे, पैसे घ्यायचे नाहीत, त्या दिवशी जेवायचे नाहीत. माणूस वाचेपर्यंत किंवा जाईपर्यंत त्याच्या उशाशी बसून असायचे. त्यांच्याकडचे बरेचसे वाचायचे, कारण चावलेले बरेचसे साप धामण, दिवड, नानेटी असेच असतात, मण्यारसारखा दिसणारा कवड्याही बिनविषारीच, आणि विषारी साप चावला तरी दर वेळी विष सोडतोच असं नाही. आबांना हे माहीत नव्हतं, त्यांची श्रद्धा खरी होती. पण ज्याच्या अंगात विष होतं त्याचे तास तिथे गेले. आता त्यांचा नातू सर्पमित्र आहे. फोन आला की आधी विचारतो, निघालात का दवाखान्यात? मग बाकीचं. तो लोकांना सांगतो, साप मारून आणू नका, मेलेल्या सापाचं तोंडही चावतं. लांबून फोटो मिळाला तर ठीक, नाहीतर राहू दे. चिरा देऊ नका, चोखू नका, दोरी आवळू नका. आधीच कुणी आवळली असेल तर वाटेत सोडू नका, एकदम सोडली की अडलेलं विष एकदम वर जातं, ती डॉक्टरांसमोरच सुटू दे. अंगठ्या, बांगड्या, जोडवी काढा, सूज आली की ती रुततात. ज्या हातापायाला चावलंय तो फळी किंवा दुमडलेलं वर्तमानपत्र बांधून हाड मोडल्यासारखा स्थिर ठेवा. चालवू नका, उचलून न्या. उलटी होत असेल तर डाव्या कुशीवर ठेवा. आणि बोलत राहा त्याच्याशी, हे तो आबांकडून शिकलाय.

२००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं गेली असा अंदाज आहे, वर्षाला सरासरी ५८ हजार. बहुतेक खेड्यांतली, पुष्कळशी घरातच गेलेली, निम्मी पावसाळ्याच्या महिन्यांतली. २०२४ मध्ये केंद्र सरकारने हे मृत्यू २०३० पर्यंत निम्म्यावर आणायचा आराखडा जाहीर केला आणि राज्यांना प्रत्येक सर्पदंशाची नोंद सक्तीची करायला सांगितलं. मला याचा मनापासून आनंद झाला. मोजलं गेलं की औषध मागता येतं. पण आजीच्या दिरांसारखे, पोटशुळाने गेले म्हणून ज्यांना पोचवून येतात, ते या मोजणीत कसे यायचे, ही रुखरुख राहतेच. नोंद करणाऱ्याला पापण्या वाचता आल्या पाहिजेत.

आणि लस असून उपयोग नाही, ती टोचायची हिंमत असलेलं माणूस रात्री दोन वाजता तिथे हवं. एका आरोग्य केंद्रात, नाव लिहीत नाही, कपाटात कुप्या असताना रुग्णाला "पुढे न्या" म्हणून चिठ्ठी दिलेली मी ऐकली आहे. बाधा झाली तर आपण एकटे, हाताशी ऑक्सिजन नाही, उद्या नातेवाईक अंगावर येतील, ही त्या डॉक्टरांची भीती मला समजते. पण पहिली मात्रा देऊन, बाधेवर नजर ठेवून मग पुढे पाठवणं आणि नुसतं पुढे पाठवणं यात घाटातल्या दोन तासांचा फरक असतो, आणि मण्यारला दोन तास पुष्कळ होतात. तालुक्याच्या प्रत्येक डॉक्टरला, सिस्टरला याचं प्रशिक्षण पुन्हा पुन्हा द्यायला हवं, अॅड्रेनालिन आणि फुगा हाताशी हवा, आणि वरून त्यांच्या पाठीशी कुणीतरी फोनवर हवं.

गेल्या महिन्यात मामाकडे गेले तेव्हा आशाताई भेटल्या. त्यांच्या पिशवीत एक वही असते. तीत मागच्या पानावर वाडीत रात्री कुणाकुणाची गाडी उभी असते त्यांची नावं आणि नंबर लिहिलेत, कारण १०८ ला फोन लावायला देवळाच्या टेकाडावर जावं लागतं, तिथेच रेंज येते. ड्रायव्हर गावाला गेला की त्या नाव खोडतात, दुसरं लिहितात. पावसाळ्यासाठी त्यांना अजून एक गोष्ट सुटत नाही. ओढ्यावरचा साकव पाण्याखाली गेला की गाडी पलीकडे जात नाही. माणसाला डोलीत घालून वरच्या वाटेने न्यावं लागतं आणि तिकडे दुसरी गाडी उभी हवी. पलीकडच्या वाडीतल्या दोघांशी त्यांचं बोलणं झालंय, एक तयार आहे, दुसरा विचारून सांगतो म्हणालाय. साकव उंच करायचा ठराव त्यांनी ग्रामसभेत मांडलाय. सोन्याच्या बापाने त्याला अनुमोदन दिलं आणि मामीने, आयुष्यात पहिल्यांदा, ग्रामसभेत उभं राहून बोलून दाखवलं.